रुजुवात

“थांब. यस लिहू नको.”

पाठीमागून हा आवाज आला की आमच्या ऑफिसात कुणाचीही बोटं कीबोर्डवर जागच्या जागी थांबायची. आवाजामागून ताई यायच्या. हातात अर्धा कप चहा, खांद्याला पर्स अडकवलेलीच. या बाई आत्ता आल्यात की आत्ता निघाल्यात, ते पाहणाऱ्याला कळू नये. कप तुमच्याच टेबलावर ठेवायच्या, भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तर्जनी टेकवायच्या आणि म्हणायच्या, “हं, वाच आता. मोठ्यानं. मी इकडं बघते.”

मग वाचणं आलं. कॅपिटल एन, स्मॉल टी, सात, अधिकचं चिन्ह... चाळीसेक अक्षरांची अर्थ नसलेली माळ. एक अक्षर गिळलं की पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांचा संगणकाशी संबंध फोनपुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो, डोकं खाणार नाही. आमचं सगळं काम, म्हणजे प्रोग्रामच्या हजारो ओळी, दूर कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेलं असतं. त्या साठ्याला रेपो म्हणतात. इथं बसून केलेलं काम तिथं पाठवायचं, त्याला आम्ही ढकलणं म्हणायचो. नव्या मशीनवरून तिथं पहिल्यांदा जोडणी केली की मशीन विचारतं, समोरच्या सर्व्हरचा ठसा, म्हणजे ती अक्षरांची माळ, असा असा आहे, हाच ना तुमचा सर्व्हर? यस की नो? इथं झाडून सगळे न वाचता यस लिहितात. मीही लिहायचो. तुम्हीही कुठं ना कुठं लिहिलं असेल, उगाच आव आणू नका.

ताई लिहू द्यायच्या नाहीत.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सात माणसं. शाळांसाठी सॉफ्टवेअर करायचो: हजेरी, गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला. ताई त्याआधी दोन गल्ल्या सोडून एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायच्या. ती बंद पडली तेव्हा आमच्याकडं डेटा एंट्रीला आल्या आणि दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत बघत प्रोग्रामिंग शिकल्या. पंचेचाळिशीच्या पुढं. मला तिशीत नवीन काही शिकायचं म्हटलं तर जिवावर येतं.

टायपिंगच्या धंद्यात रुजुवात नावाचं एक काम असतं. मूळ कागद एकानं मोठ्यानं वाचायचा आणि टाईप केलेल्या कागदावर दुसऱ्यानं नजर ठेवायची. अक्षराला अक्षर जुळलं की मगच सही. एकट्यानं केलेली रुजुवात ताईंना मान्य नव्हती. “आपलं लिहिलेलं आपल्याला दिसत नसतंय बाबा,” त्या म्हणायच्या. “दुसरं माणूस लागतंय.”

तो भिंतीवरचा कागद कसा आला ते सांगतो. एके दिवशी दुपारी सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदम मोठा इशारा आला. समोरच्या सर्व्हरची ओळख बदललेली आहे, कुणीतरी गडबड करत असण्याची शक्यता आहे, वगैरे. कुणाचंच काम ढकललं जाईना. मी त्या ऑफिसातला जाणता. मी खुर्चीतूनच फर्मान सोडलं, “काही नाही, जुनी नोंद उडवा, यस म्हणा आणि कामाला लागा.”

ताई उभ्याच होत्या. म्हणाल्या, “तुला कसं माहीत, हा त्योच सर्व्हर हाय म्हणून?”

“ताई, दुसरा कोण असणार?”

“मला कामून विचारायलास? त्यांना विचार की.”

त्यांनी फोनवर त्या कंपनीचं पान उघडलं. कंपनीनंच ठसा बदलल्याची सूचना तिथं होती, नव्या ठशासकट. ताईंनी मला उभं करून तो वाचायला लावला. अक्षराला अक्षर जुळला. मी विजयी मुद्रेनं म्हणालो, “बघा, मी म्हणत नव्हतो?”

“बरोबर आलं रे तुझं,” त्या म्हणाल्या. “पण तुला माहीत नव्हतं ते.”

दुसऱ्या दिवशी तो ठसा मोठ्या टायपात छापून त्यांनी भिंतीवर लावला आणि वाचनाचा रिवाज पडला. एकदा नवी मुलगी कामाला लागली होती, तिचं वाचन चालू होतं, ताईंचं बोट कागदावरून सरकत होतं, आणि तेवढ्यात गंगापूरकडचे एक मुख्याध्यापक जिना चढून आले. दारात थबकले. हळूच चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि मला कानात विचारलं, “नव्या मशीनची पूजा घातलीय का?” मी हो म्हटलं. गुरुजी हात जोडून शेवटपर्यंत उभे राहिले. ताईंना नंतर कळलं तेव्हा मला वहीनं मारलं, पण गुरुजींना बिस्कीट दिलं. प्रसाद म्हणून त्यांनी ते कपाळाला लावून खाल्लं.

बसणं हा प्रकार ताईंना ठाऊक नव्हता. खुर्चीत बसल्या तरी अर्ध्याच बसायच्या, टाचा वर, एक पाय सारखा हलता. विचार करायचा झाला की दार ते खिडकी, खिडकी ते दार. फोन आला की “जय भीम, बोला,” म्हणत जिना उतरून खाली जायच्या आणि बोलत बोलतच वर यायच्या. राहायला छावणी भागात. नळाला पाणी ज्या दिवशी येणार त्या दिवशी सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला. “आज पाणी हाय, दोनला निघते,” असं दहा वाजता एकदा, अकराला एकदा, आणि दीडला चारदा. घरात नोकरी करणाऱ्या त्या एकट्याच. लेक नर्सिंगला, नवऱ्याला कारखान्यात पाठीचं दुखणं लागलं तेव्हापासून तो घरीच.

मी एकदा वैतागून म्हणालो, “ताई, बसा की जरा. तुमच्याकडं बघून मला धाप लागायलीय.”

“बसवत नाय रे. बसलं की वाटतंय, काहीतरी राह्यलंय.”

काय राहिलंय ते मला तेव्हा माहीत होतं. पण ते पुढं.

आधी त्यांचं काम. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा असते, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. ताईंच्या स्वतःच्या दाखल्यावर अंकी एक आणि अक्षरी दुसरी होती. कुण्या कारकुनानं लिहिताना डुलकी काढली असेल. पण त्यापायी त्यांची एक सरकारी नोकरी गेली. वडील शाळेत खेटे घालून थकले, दुरुस्ती काही झाली नाही. तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अंकी तारखेवरून अक्षरी तारीख आपोआप यायला हवी, हे काम त्यांनी भांडून मागून घेतलं.

मराठी आकड्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. वीस आणि तीस पाठ केले म्हणून बाकीचे आपोआप येत नाहीत. एकोणसाठ, एकोणऐंशी, त्र्याण्णव, नव्व्याण्णव, जो तो आपल्या तऱ्हेचा. ताईंनी शंभरच्या शंभर हातानं लिहिले. मग नव्या मुलीला समोर बसवून तीन दुपारी रुजुवात. ती वाचायची, या उभ्या राहून बघायच्या. त्या तीन दुपारी ऑफिसात दुसरं कुणी काही बोलू शकलं नाही. पण त्यानंतर त्या कामाबद्दल एका शाळेची तक्रार आली असेल तर शपथ.

आणि त्यांच्या चिठ्ठ्या! काम ढकलताना सोबत एका ओळीची नोंद लिहावी लागते. आम्ही लिहायचो, ‘बदल’, ‘दुरुस्ती’, ‘फायनल’. ताई लिहायच्या, ‘दाखल्यात आईचं नाव दुसऱ्या ओळीत जात होतं, पहिल्या ओळीत आणलं. आता शाळेनं नवीन छापून घ्यावं.’ मी चिडवायचो, “ताई, तलाठ्याला अर्ज लिहायलात का?” त्या म्हणायच्या, “उद्या कुणी उघडलं तर त्याला कळायला नको का?”

आता सांगायचं ते सांगतो. इतका वेळ इकडचं तिकडचं बोललो ते उगाच नाही, तोंडावर येत नव्हतं.

आमच्या ऑफिसात कोपऱ्यात एक मोठा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात प्रत्येकाचं वेगळं मशीन. खरंखुरं नव्हे, सॉफ्टवेअरनं उभं केलेलं. पण वागायला खऱ्यासारखं. आम्ही त्याला पोटमशीन म्हणायचो. नवं पोटमशीन पहिल्यापासून तयार करायचं तर अर्धा दिवस जातो. म्हणून आमची रीत अशी, की एकाचं चांगलं चालतंय ना, मग त्याचीच प्रत काढून दुसऱ्याला द्यायची. ताई प्रोग्रामिंगला आल्या तेव्हा मी त्यांना माझ्या मशीनची प्रत काढून दिली.

प्रत म्हणजे सगळंच आलं. रेपोचं दार उघडणारी किल्ली माझी, आणि आत भरलेलं नावही माझं. ढकललेल्या प्रत्येक कामावर मशीनमधल्या नावाचा शिक्का बसतो. तो बदलायला दोन ओळी लागतात, अर्धं मिनिट. मी म्हटलं, उद्या बदलू.

ताईंना दिसलं कसं नाही? कारण जुन्या नोंदी बघायची जी आज्ञा मी त्यांना शिकवली होती ती आखूड होती. तिच्यात फक्त चिठ्ठ्या दिसतात, नावं दिसत नाहीत. रेपोचं वेबवरचं पान उघडायचं लॉगिन होतं साहेबांकडं आणि माझ्याकडं. साहेब, म्हणजे आमचे मालक, दिवसभर शाळा शाळा फिरायचे.

मला मात्र महिनाभरात दिसलं होतं. माझं नाव आणि पुढं ताईंचा तो अर्ज. पहिल्यांदा हसू आलं. उद्या बदलू. मग एकदा साहेबांनी ते पान उघडलं आणि म्हणाले, “तू लई काम करायलास रे!” मी सांगायला तोंड उघडलं आणि चहा आला. चहा येतो हो, नेमका येतो. नंतर विषय निघाला नाही, मीही काढला नाही. असे उद्या-उद्या करत किती महिने गेले ते लिहायची मला लाज वाटते.

मग पुण्याच्या एका कंपनीनं आमचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. सातांपैकी तिघांना ते लोक सोबत घेणार होते, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. साहेबांनी हात वर केले: “तुमच्यातलं कोण चांगलं हे त्यांनीच रेपो बघून ठरवावं. मी कुणाचं नाव घेऊन वाईट होणार नाही.”

सोमवारी व्हिडिओवर मुलाखती झाल्या. माझ्या वेळी पलीकडच्या बाईंनी स्क्रीनवर अक्षरी जन्मतारखेचं काम उघडलं आणि म्हणाल्या, “हे फार सुंदर केलंय तुम्ही. शंभर आकडे हातानं? एवढा पेशन्स कुठून आणला?”

मी म्हणालो, “करावं लागतं.”

बघा, खोटं बोललो नाही. करावंच लागतं ना? मुलाखत संपेपर्यंत मी मनातल्या मनात हेच घोकत होतो. माझं लग्न ठरलेलं होतं. मुलीच्या वडिलांनी दोनदा विचारलं होतं, नोकरी पक्की आहे ना? हे कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे, कारण म्हणूनच सांगतोय, पण ते पुरत नाही हे मलाही कळतं.

ताई मुलाखतीहून दहा मिनिटांत बाहेर आल्या. दार ते खिडकी, खिडकी ते दार. “काही विचारलंच नाय रे,” त्या म्हणाल्या. “म्हणले, तुम्ही डेटा एंट्री बघता ना? मी म्हणले, नाय, दाखल्याचं काम माझंय. तर एकमेकांकडं बघून नुसते हसले. कामून हसले असतील?”

मी चहा पीत होतो. म्हणालो, “ताई, तसंच असतं त्यांचं. होईल सगळं नीट.”

मंगळवार गेला. बुधवार गेला.

गुरुवारी पुण्याहून फर्मान आलं की जुनी पोटमशीन बंद करा, प्रत्येकानं नवं, कोरं तयार करून त्यावरून काम ढकला. ताईंनी आपलं मशीन स्वतः तयार केलं, पहिल्यांदा स्वतःची किल्ली बनवली, मी ती रेपोला नोंदवली. जोडणी करताना मशीननं ठसा दाखवला. त्यांनी मलाच हाक मारली, “ये, वाच.” मी वाचला, त्यांनी कागदावर बघितला. जुळला. त्यांनी यस लिहिलं. मग दाखल्यातला एक लहानसा बदल केला आणि नोंद करायला गेल्या. मशीन अडलं. पडद्यावर ओळ आली. इंग्रजीत होती, पण अर्थ सरळ: आधी सांगा, तुम्ही कोण?

ताई ओळीकडं बघत राहिल्या. “हे कामून विचारायलंय? जुन्या मशीननं तर कधीच नाय विचारलं.”

“नवीन व्हर्जन आहे,” मी म्हणालो.

हे मात्र साफ खोटं होतं.

त्यांनी नाव लिहिलं नाही. नोंदही केली नाही. वाकून जुन्या नोंदी बघायची आज्ञा दिली, मी शिकवलेली आखूड नव्हे, पूर्ण. पडदा भरला. माझं नाव, तारीख, आणि खाली त्यांचा अर्ज. माझं नाव, तारीख, आणि त्यांचा अर्ज. त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, रुजुवातीत वाचतात तशा, सपाट आवाजात, एकही अक्षर न गाळता. चौथ्या नोंदीला नवी मुलगी उठून बाहेर गेली.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“तुला कधी कळलं?”

मी सांगितलं.

“सोमवारी त्यांनी तुला विचारलं का, तारखेच्या कामाचं?”

“विचारलं.”

“मग तू काय म्हणलास?”

“म्हटलं, करावं लागतं.”

ताईंचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता. “चार दिवस! अरे, चार दिवस तू माझ्यासमोर बसून चहा प्यायलास! मी तुला विचारायले, कामून हसले असतील, आणि तू मला म्हणतोस होईल नीट? काही वाटलं नाय का रे तुला? माझं सगळं गेलं, आणि तू गप? बोल की आता!”

त्या पर्स घेऊन जिना उतरून गेल्या. मला वाटलं, गेल्या. मनातून, खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. दहा मिनिटांनी पावलं वर आली.

“माझं चुकलं,” दारातूनच त्या म्हणाल्या. “मी समोरच्याचा ठसा बघत बसले, आपल्या नावाची ओळ कधी उघडून बघितली नाय. ते माझं चुकलं. पण तुझं चुकलेलं नाय. तू केलंस. ते एक नव्हं.”

मी म्हणालो की जुन्या नोंदींवरची नावं बदलता येतात. पण पुण्याच्या लोकांनी रेपोची प्रत आधीच नेली होती; आम्ही इकडं बदललं तर त्यांचं आणि आमचं जुळणार नव्हतं. शिवाय दोघांचंही काम एकाच नावावर पडलेलं. त्यातलं कुणाचं कोणतं, हे मशीनला कसं कळावं? माणसानंच एकेक नोंद उघडून सांगायला हवं होतं. त्याची यादी करायची, ती रेपोत ठेवायची आणि पुण्याला मेल पाठवायचा.

“मग बसू,” ताई म्हणाल्या.

आणि बसल्या. शुक्रवारी आणि शनिवारी. पर्स खुंटीला, पाठ खुर्चीला टेकवून, पाय स्थिर. मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदा बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं. मी नोंद वाचायची, त्यांनी सांगायचं.

“दाखल्याचा समास.”

“माझं.”

“हजेरीत रविवार लाल.”

“तुझं.”

“अक्षरी तारखेत एकोणसाठ चुकलं होतं.”

“माझं. चुकलेलंबी माझंच, लिही.”

“फायनल, फायनल, आता खरंच फायनल.”

“असलं मी लिहीन का रे?”

हसलो दोघंही. मग मला वाटलं, आपण हसायला नको होतं.

मध्येच गुणानुक्रमाची नोंद आली. सारखे गुण पडलेल्या मुलांना क्रमांक कसा द्यायचा, याचं ते काम. ते मी केलं होतं, एक आठवडा डोकं खपवून. ताई स्वतःहून म्हणाल्या, “हे तुझं. हे चांगलं केलंयस तू.” ज्या माणसानं आपलं सगळं लाटलं, त्याचं एक चांगलं काम निघालं म्हणून ही बाई त्याला शाबासकी देते. मी मान वर केली नाही. पुढची नोंद वाचली.

शनिवारी दोन वाजता, पाणी होतं म्हणून, त्या निघाल्या. यादी सुवाच्य करायचं काम माझ्याकडं राहिलं. ती करताना मी गुणानुक्रमाची ओळ माझ्या नावाखालून काढली आणि त्यांच्या नावाखाली टाकली. का? काहीतरी द्यावं वाटलं. पदरचं. यादी ढकलली आणि पुण्याला मेल लिहिला: सोमवारी तुम्ही ज्या कामाचं कौतुक केलंत ते माझं नाही, या बाईंचं आहे. सोबत यादी. स्पष्ट लिहिला, काही राखलं नाही.

सोमवारी दोन ओळींचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. तीन नावं पक्की झालेली असून पुढं जागा निघाल्यास विचार करू. त्या तिघांत माझं नाव होतं. मी साहेबांकडं गेलो. साहेब म्हणाले, “आता मी मध्ये पडलो तर सगळा व्यवहारच अडकेल.”

मी माझी जागा सोडायला हवी होती. सोडली नाही. या वाक्याला पुढं ‘पण’ लावायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केलाय.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “व्हय का.” आणि खिडकीकडं चालत गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या नव्या मशीनवर पंधराएक मिनिटं काहीतरी केलं, ते बंद केलं, कप धुऊन पर्समध्ये टाकला. निरोपाला आणलेली कचोरी नव्या मुलीच्या हातात दिली. “पाणी यायचंय,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्या दिवशी छावणीला पाण्याचा वार नव्हता. मला तो पाठ होता.

आता त्या छावणीतच एका केंद्रात लोकांचे ऑनलाईन अर्ज भरून देतात. मी राहतो पडेगावला, तिथून शहरात येताना मला ते केंद्र लागतं. दोनदा गाडी हळू केली. काउंटरमागं त्या उभ्या होत्या, समोरचा म्हातारा आपलंच नाव एकेक अक्षर करून सांगत होता आणि त्या टाईप करत होत्या. मी थांबलो नाही. काय म्हणून थांबणार?

पुण्याच्या कंपनीचं काम मी घरूनच करतो. परवा सकाळी आमचा रोजचा कॉल चालू होता. एका शाळेची तक्रार आली होती की सारखे गुण असलेल्या दोन मुलींना वेगवेगळे क्रमांक पडलेत. गुणानुक्रमाचं काम कुणाचं ते शोधायला आमच्या टीमच्या प्रमुखानं स्क्रीनवर ती यादी उघडली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ती उघडत होतं. यादी मी लिहिलेली, माझ्या नावावर. पण तिच्यावर नंतरची आणखी एक नोंद होती. ताईंच्या शेवटच्या दिवसाची. आणि नोंदीवर नाव होतं ताईंचं, आडनावासकट, पूर्ण. त्या रेपोत दुसऱ्या कुठल्याही नोंदीवर ते नाव नाही.

प्रमुखानं चिठ्ठी वाचली: ‘यादीत गुणानुक्रमाचं काम चुकून माझ्याकडं लिहिलं गेलं होतं. ते माझं नाही, त्याचं आहे. ओळ त्याच्याकडं हलवली.’

“ह्या कोण?” त्यानं विचारलं. “आपल्या टीममध्ये तर नाहीत.”

“अक्षरी जन्मतारखेचं काम बघून तुम्ही मला घेतलंत,” मी म्हणालो. “ते काम ह्यांनी केलंय. तुम्ही ह्यांना घेतलं नाही.”

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

“ओके,” प्रमुख म्हणाला. “मग ही दुरुस्ती कुणाकडं देऊ?”

“माझ्याकडं द्या,” मी म्हणालो. “तेवढं माझंच आहे.”